शौनक बेहेरे यांच्या मातोश्री

आमच्या कॉलेजात महिला अभ्यास केंद्र आहे, हे बऱ्याच जणांना आठ मार्चलाच आठवतं. बाकी वर्षभर ते जिन्याखालच्या खोलीत असतं, व्हॉलीबॉलच्या जाळ्या आणि मागच्या गॅदरिंगची थर्माकोलची कमान यांच्या सोबतीने. मी त्या केंद्राची समन्वयक. समन्वयक म्हणजे काय, तर बाहेरून कोणी पाहुणे आले की औक्षणाला मुली पुरवायच्या. केमिस्ट्रीच्या मुलींना का नाही सांगत, असं मी एकदा विचारलं, तर उत्तर मिळालं, "त्यांचं प्रॅक्टिकल असतं." आमचं काय असतं ते कोणी विचारलं नाही.

माझं नाव आलिमा तांबोळी. गंज पेठेत जन्मले, तिथेच वाढले. अब्बांचं बुक बाइंडिंगचं दुकान आहे आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं अम्मी मी शाळेत होते तेव्हापासून सांगत आली आहे. सदाशिव पेठेतल्या या छोट्याशा कॉलेजात मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यापुरतीच मी इथली. मे महिन्यात मी कोणाचीच नसते. आमचे प्राचार्य डॉ. यज्ञेश्वर उकिडवे मला अधूनमधून म्हणायचे, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" एकदा मी म्हटलं, "तुमचंही बरं आहे, सर." तेव्हापासून ते जरा कमी म्हणतात.

यंदा फेब्रुवारीत मला कळवण्यात आलं की केंद्रातर्फे 'आदर्श माता पुरस्कार' द्यायचा आहे. कळवण्यात आलं, विचारण्यात नाही. आमच्या ज्युनिअर कॉलेजचा माजी विद्यार्थी शौनक बेहेरे आयएएस झाला होता. त्याचे फ्लेक्स लावून झाले, पेढे वाटून झाले, आणि आता तो प्रशिक्षणाला गेल्यामुळे सत्काराला हाती लागत नव्हता. मग त्याची आई तर आहे! संस्थेच्या अध्यक्षांना ही कल्पना सुचली आणि सगळ्यांना ती फार आवडली.

आमंत्रणपत्रिका छापून आली तीच माझ्या टेबलावर. 'महिला अभ्यास केंद्र आयोजित आदर्श माता पुरस्कार. सत्कारमूर्ती: श्री. शौनक बेहेरे (भा. प्र. से.) यांच्या मातोश्री.' मी पत्रिका उलटी केली, सुलटी केली. अध्यक्षांचं नाव होतं, दोन पदांसकट. प्राचार्यांचं होतं, सगळ्या पदव्यांसकट. खाली बारीक अक्षरात मंडपवाल्याचं आणि साउंडवाल्याचंही नाव होतं. नव्हतं ते फक्त जिचा सत्कार तिचं. महिला अभ्यास केंद्राचा कार्यक्रम, आणि बाईला नाव नाही! माझं डोकं तिथेच सणकलं.

मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, यांचं नाव राहिलंय."

त्यांनी पत्रिका हातात घेऊन बघितली. "आहे की. शौनक बेहेरे."

"बाईंचं."

"अच्छा, ते. ते मानपत्रात घाला. मानपत्र तुम्हीच लिहा आणि तुम्हीच वाचा. तुमचं मराठी…" एवढं बोलून ते थांबले आणि फोन शोधायला लागले.

बाईंचं नाव कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी मी शौनकलाच फोन लावला. मुलगा बोलायला नम्र होता, वाईट म्हणावं असं काही नव्हतं त्याच्यात. आईचं नाव सुनीती, राहायला धायरीत. मग म्हणाला, "मॅडम, एक नक्की लिहा. आई लेक्चरर होती. माझ्या वेळेला तिने नोकरी सोडली. मी आज जो आहे तो तिच्या त्यागामुळे. मला कधीकधी खूप गिल्टी वाटतं." मी हे सगळं लिहून घेतलं. त्याग, नोकरी, पुत्र. मानपत्राचा मसाला तयारच होता.

दुसऱ्या दिवशी तास संपवून स्कूटर काढली आणि सिंहगड रस्त्याची गर्दी कापत धायरीला पोचले. दार सुनीतीबाईंनीच उघडलं. कॉटनचा साधा ड्रेस, केस आखूड कापलेले, चष्मा डोक्यावर.

"कॉलेजातून आलात? कुठल्या विभागाच्या तुम्ही?"

"महिला अभ्यास केंद्र."

त्या मोकळ्या हसल्या. "अजून जिन्याखालीच आहे का ते?"

मी दारातच उभी राहिले. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि समोर बसून सांगितलं ते असं. त्या आमच्याच कॉलेजात शिकवत होत्या. समाजशास्त्र, तासिका तत्त्वावर, पाच वर्षं. जिन्याखालची ती अडगळीची खोली मॅनेजमेंटकडून त्यांनीच भांडून मिळवली होती, मुलींना बसून वाचायला, बोलायला. त्या बैठकांचंच पुढे केंद्र झालं. मी ज्या खुर्चीत बसून गेली काही वर्षं चरफडते आहे, ती खुर्ची या बाईंनी आणून ठेवलेली होती, आणि कॉलेजात कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

"मग सोडलंत का?" मी विचारलं. शौनकचं वाक्य माझ्या वहीत होतंच.

"मी सोडलं नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "सातवा महिना होता. तेव्हाच कायम जागा मंजूर झाली होती, मुलाखती व्हायच्या होत्या. एका सोमवारी कॉलेजात गेले, वेळापत्रक बघितलं, तर माझ्या तासांपुढे 'उकिडवे' लिहिलेलं. नवीनच लागला होता. आदल्या आठवड्यात माझ्याकडूनच नोट्स घेऊन गेला होता. मी तेव्हाच्या प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, 'तुम्हीच म्हणालात ना मॅडम, आता थांबते म्हणून?' मी कधी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, 'बरं, बाळंतपण होऊ द्या, मग बघू.' शौनक पाळण्यात असताना मुलाखती उरकल्या. जागा उकिडव्यांना. मी बाळाला कडेवर घेऊन गेले विचारायला. एकदा नाही, अनेकदा. दर वेळी तेच, 'ऑफिसात या, बघू.'"

त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर मला जरा बरं वाटलं असतं. माझे मात्र कान तापले होते. गेली सहा वर्षं ज्या माणसाला मी 'सर, सर' करत होते, तो या बाईंच्या तासांवर चढून प्राचार्य झाला होता!

"आणि तुम्ही याच कॉलेजच्या हातून पुरस्कार घेणार?" मी जरा जोरातच विचारलं.

"शौनकने हो म्हणून टाकलं." मग त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "तुम्ही बोललात ना त्याच्याशी? त्याला काय वाटतं ते कळलं असेल. घरात सगळ्यांनी हेच धरून ठेवलं, बाळासाठी सोडली. सासूबाईंना सोयीचं होतं, यांनाही सोयीचं होतं. पोरगं हेच ऐकत मोठं झालं. मी त्याला सांगितलं, बाबा रे, मी सोडली नाही, काढून घेतली. तो म्हणतो, 'आई, तू ग्रेट आहेस. मला वाईट वाटू नये म्हणून सांगतेस.' जेवढं नाही म्हणावं तेवढी मी त्याच्यासाठी मोठी होत जाते. चोवीस वर्षांचा झाला आणि आपण आईचं आयुष्य खाल्लं असं उरावर घेऊन फिरतो. मला ते उतरवायचंय. माझ्या सांगण्याने उतरत नाही. कॉलेजने सांगितलं तर उतरेल."

"म्हणजे काय करू मी?"

"मानपत्रात दोन वाक्यं घाला. 'सुनीती बेहेरे यांनी नोकरी सोडली नाही. त्या गरोदर असताना कॉलेजने त्यांचे तास काढून घेतले.' बाकी माता, ममता, जे काय असेल ते लिहा. मला चालेल."

मी त्याच रात्री मानपत्र लिहिलं आणि ती दोन वाक्यं बरोबर मध्यभागी ठेवली. सकाळी ते उकिडव्यांच्या टेबलावर ठेवलं. ते मान डोलावत वाचत होते, आणि मध्यावर आल्यावर त्यांची मान थांबली.

"या बेहेरे म्हणजे… त्या?"

"त्याच. तुम्ही ज्यांच्या नोट्स घेतल्या होत्या."

ते उठून केबिनचं दार लावून आले. "हे बघा तांबोळी मॅडम, तेव्हा मी तिशीसुद्धा गाठली नव्हती. मला तास दिले, मी घेतले. मी काही मागायला गेलो नव्हतो."

"मग लिहायला काय हरकत आहे? तुम्ही काही केलंच नाहीये."

"आदर्श मातेच्या मानपत्रात तक्रार शोभते का? आणि अध्यक्ष बसणार व्यासपीठावर. शौनकसाहेब स्वतः ऑनलाइन असणार. त्यांच्यासमोर कॉलेजची अशी…" त्यांनी माझ्या कागदावर दोन सरळ रेघा मारल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जूनचं वेळापत्रक एप्रिलमध्ये लागतं, मॅडम. तुमच्या तासांचं मीच बघतो. तुम्हाला माहितीये."

मला माहीत होतं. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून काचेवर मारावासा वाटला, हेही खरं. मी खाली आले आणि थर्माकोलच्या कमानीला अशी लाथ घातली की तिचा एक खांबच गेला. आमच्या सर्टिफिकेट कोर्सची ओवी तिथे बसली होती. तिने मोबाइलमधून मान वर केली. "मॅम, चिल. काय झालं?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे सिरीयसली लीगल होतं?" नव्हतं, असं मी म्हटलं.

सोनेरी चौकटीतलं मानपत्र छापून आलं तेव्हा त्या दोन वाक्यांच्या जागी एक नवं वाक्य होतं: 'पुत्राच्या संगोपनासाठी आपण नोकरीचा हसतमुखाने त्याग केलात.' हसतमुखाने! बाईंचं नाव माहीत नाही, पण तोंड हसरं होतं हे माहीत!

मी सुनीतीबाईंना फोन करून वाचून दाखवलं.

"वाचणार कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"मग छापू दे त्यांना काय छापायचं ते." मग म्हणाल्या, "तुमच्या नोकरीचं काय?"

"ती आहे कुठे?" मी म्हटलं. त्यावर त्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. जूनपासून काय करायचं याचा हिशेब डोक्यात चालू होता.

आठ मार्चला हॉल भरला. सगळ्या वर्गांना हजेरी सक्तीची होती. दाराशी आमच्या मुली नऊवारीत, हातात तबकं. व्यासपीठाच्या मागे मोठा पडदा, त्यावर शौनक. प्रशिक्षणाच्या ठिकाणाहून तो ऑनलाइन बसला होता, बंद गळ्याचा कोट घालून. अध्यक्ष दर दोन मिनिटांनी वळून पडद्याला नमस्कार करत होते. उकिडवे पडद्याशी बोलताना खुर्चीतून अर्धे उठायचे. "आवाज येतोय ना, साहेब? व्यवस्थित दिसतंय ना, साहेब?" पडद्याखालीच सुनीतीबाई बसल्या होत्या. त्यांना दिसतंय का, ऐकू येतंय का, हे कोणी विचारलं नाही.

सूत्रसंचालन ओवीकडे होतं. स्वागत झालं, दीपप्रज्वलन झालं, अध्यक्षांनी स्त्रीची महती सांगितली. मग ओवीने माझं नाव पुकारलं.

मी चौकट हातात घेतली आणि वाचायला लागले. माझा आवाज कापत होता, पण लोकांना वाटलं असेल भावनेने. मध्यावर आले तेव्हा मी चौकट खाली केली आणि समोर बघून म्हटलं, "सुनीती बेहेरे यांनी नोकरी सोडली नाही. त्या गरोदर असताना याच कॉलेजने त्यांचे तास काढून घेतले."

आणि टाळ्या वाजल्या.

अध्यक्षांनी सुरुवात केली, मग पहिली रांग, मग सगळा हॉल. मानपत्रात वाचणारा थांबला की टाळ्या वाजवायच्या असतात, एवढं सगळ्यांना पाठ होतं. शब्द कोणी ऐकलेच नव्हते. तेव्हा मला जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. उकिडवे तेवढे टाळी वाजवत नव्हते. त्यांनी ऐकलं होतं. आणि पडद्यावर शौनक कॅमेऱ्याच्या जवळ आला होता, कपाळाला आठी.

शाल झाली, श्रीफळ झालं, चौकट दिली. ओवी म्हणाली, "सुनीती मॅडमना विनंती, सत्काराला उत्तर द्यावं." उकिडवे घाईघाईने माईककडे निघाले, "वेळेअभावी…" म्हणत. पण तोवर सुनीतीबाई माईकशी पोचल्या होत्या, आणि ते पुन्हा खुर्चीत बसले.

"टाळ्या कशाला वाजवल्यात?" त्यांनी विचारलं. हॉलमध्ये थोडी खसखस पिकली. "आत्ता वाचलं ते ऐकलंत का? मी परत सांगते. मी या कॉलेजात पाच वर्षं शिकवलं. मला दिवस होते म्हणून माझे तास काढले आणि मीच सोडली असं सांगितलं. माझ्या मुलालाही तसंच वाटतं. ते तास ज्यांना मिळाले ते इथे बसलेत." त्या वळल्या. "उकिडवे, तुम्ही सांगा. मी सोडली होती, का काढून घेतली होती?"

उकिडव्यांनी खिशातून रुमाल काढला. "मॅडम, ही वेळ नव्हे. आपण नंतर ऑफिसात बसून…"

"ऑफिसात मी खूप वेळा येऊन गेले. इथे सांगा."

"मॅडम, प्लीज. कार्यक्रम आनंदाचा आहे."

अध्यक्ष ओवीकडे बघून आभारप्रदर्शन, आभारप्रदर्शन अशा खुणा करत होते. ओवीने त्यांच्याकडे बघितलं आणि हातातले कागद शांतपणे टेबलावर ठेवून दिले. साउंडवाल्याने माईक बंद केला की बंद पडला कोण जाणे, पण सुनीतीबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. त्या तरी तिथेच उभ्या. "उकिडवे, मी विचारतेय," त्या माईकशिवाय म्हणाल्या.

उकिडवे रुमालाची घडी घालत बसले.

तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला. त्याचा स्पीकर चालूच होता. "सर, हे खरं आहे का?"

उकिडवे ताडकन उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण आपोआप चाचपलं गेलं.

"हो, साहेब," ते म्हणाले. "म्हणजे, तेव्हाच्या मॅनेजमेंटचा निर्णय होता, साहेब. मॅडमनी राजीनामा दिला नव्हता. तास… तास काढण्यात आले होते. आम्हाला खेद आहे, साहेब."

एका दमात. चोवीस वर्षं जे बाहेर पडलं नाही ते एका दमात! मुलाच्या वयाचा तो पोरगा, आणि त्याला 'साहेब, साहेब' करत त्यांनी सगळं कबूल केलं. विचारणारी बाई त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. तिच्याकडे त्यांनी मान वळवली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्यांची कॉलर धरून त्यांचं तोंड या बाजूला फिरवावंसं वाटत होतं.

"शौनक, तू थांब," सुनीतीबाई पडद्याकडे न बघता म्हणाल्या. "प्रश्न मी विचारला होता. उकिडवे, उत्तर मला द्या."

उकिडव्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. "साहेबांना सांगितलं ना मी, मॅडम," ते म्हणाले. मग पडद्याला हात जोडले. अध्यक्ष उठले आणि माईक चालू नसताना स्वतःच राष्ट्रगीत सुरू केलं. सगळा हॉल उभा राहिला. सुनीतीबाईही ताठ उभ्या राहिल्या आणि राष्ट्रगीत संपल्यावर पायऱ्या उतरून खाली आल्या. चौकट, शाल, नारळ खुर्चीवरच होतं.

मी त्यांच्या मागे धावले. चहा आणि सामोशांकडे वळलेल्या गर्दीतून आम्ही कशाबशा फाटकाशी आलो. त्यांचा फोन वाजत होता. त्यांनी तो कानाला लावला.

"हो… नाही रे, रडत नाहीये… बोलले नाही कसं? कितीदा बोलले मी तुला." पलीकडे तो रडत होता, मला बाहेर ऐकू येत होतं. "तुझ्यामुळे काही गेलं नाही, शौनक. पटलं ना आता? बास. मला एवढंच हवं होतं. ठेव, जेवून घे."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. रस्त्यावरून स्कूटर जात होत्या, समोरच्या क्लासमधून पोरं सुटत होती. मी म्हटलं, "झालं ना, मॅडम, तुम्हाला हवं होतं ते?"

"त्याच्यासाठी झालं," त्या म्हणाल्या. आणि मग इतका वेळ न चढलेला त्यांचा आवाज एकदम फुटला. "एकदा माझ्याकडे बघून म्हणायला काय जात होतं हो त्या उकिडव्याचं?"